न्यूट्रॉन टिपणारी काच

सिंटिलेटर म्हणजे किरणोत्सर्गाचा धक्का बसताच क्षणभर चमकणारा पदार्थ. आत शिरलेला कण आपली ऊर्जा वाटेतल्या इलेक्ट्रॉनांना देत जातो. त्या ऊर्जेचा थोडा भाग प्रकाश होऊन बाहेर पडतो आणि तो प्रकाश मोजला की कण केव्हा आला, किती ऊर्जेचा होता, हे कळते. असे पदार्थ पुष्कळ आहेत: स्फटिक, प्लॅस्टिक, सेंद्रिय द्रव, पूड, वायू. काच या मंडळींत बरीच उशिरा आली आणि उजेडाच्या बाबतीत ती कायम मागेच राहिली. सोडियम आयोडाइडचा स्फटिक जेवढ्या ऊर्जेला सुमारे ३८ हजार प्रकाशकण देतो, तेवढ्याच ऊर्जेला लिथियमची काच जेमतेम ४ हजार देते. तरीही मंदगती न्यूट्रॉन पकडण्याच्या कामात या काचेने स्वतःची जागा मिळवली आणि गेली साठ-पासष्ट वर्षे ती टिकवली.

चमक मोजण्याची पद्धत काचेपेक्षा अर्ध्या शतकाने जुनी. १९०३ मध्ये विल्यम क्रुक्स यांना झिंक सल्फाइडच्या पडद्यावर रेडियमजवळ सुटे सुटे ठिणगीसारखे ठिपके दिसले. एकेका अल्फा कणाची ती एकेक चमक होती. भिंग आणि पडदा एका नळीत बसवून त्यांनी जे उपकरण केले, त्याला ‘स्पिन्थॅरिस्कोप’ म्हणत. मँचेस्टरला रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ मध्ये अशाच चमका मोजून दाखवले, की सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळलेले काही अल्फा कण उलटे फिरतात. अणूच्या गाभ्याची कल्पना या मोजणीवर उभी राहिली. मोजणारे यंत्र मात्र माणसाचा डोळा होता. निरीक्षक अंधारात बसून डोळे सरावू देत, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून चमका मोजत, आणि थोड्याच वेळात डोळे थकल्यामुळे उठत.

डोळा थकतो तसा तो अपेक्षेप्रमाणे पाहतोही. हलकी मूलद्रव्ये अल्फा कणांच्या माऱ्याने किती फुटतात, याबद्दल १९२० च्या दशकात केंब्रिज आणि व्हिएन्ना यांच्यात वाद पेटला. व्हिएन्नाचे पेटरसन आणि किर्श यांना केंब्रिजपेक्षा कितीतरी जास्त चमका मिळत होत्या. १९२७ च्या डिसेंबरात जेम्स चॅडविक व्हिएन्नाला गेले. तिथे मोजणी करणाऱ्या सहायिकांना पडद्यासमोर काय ठेवले आहे हे कळू न देता त्यांनी मोजणी करून घेतली, तेव्हा जादा चमका नाहीशा झाल्या. यात सहायिकांचा खोटेपणा नव्हता. काय दिसायला हवे हे आधी ठाऊक असले की अंधारात तेच दिसू लागते. त्यानंतर गायगर-म्युलर नळीने चमकेची मोजणी बाजूला सारली.

तिला परत आणले ते फोटोमल्टिप्लायर या निर्वात नळीने. तिच्यावर पडलेल्या अगदी क्षीण प्रकाशातून सुटलेले इलेक्ट्रॉन टप्प्याटप्प्याने लाखो पटींनी वाढतात आणि विजेचा मोजता येईल असा ठोका मिळतो. बर्कलीत अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करणारे सॅम्युएल करन आणि विल्यम बेकर यांनी १९४४ मध्ये ही नळी झिंक सल्फाइडच्या पडद्याला जोडली. युद्ध संपल्यावर बर्लिनच्या हार्टमुट कालमान यांनी नॅफ्थलीनच्या, म्हणजे डांबरगोळ्यांच्या, पारदर्शक ढेपेतून गॅमा किरणांच्या चमका काढून दाखवल्या. आता चमक केवळ पृष्ठभागावरून मिळवण्याची गरज उरली नाही, जाड पदार्थाच्या पोटातूनही ती मिळू लागली. १९४८ मध्ये प्रिन्स्टनला रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी थॅलियम मिसळलेल्या सोडियम आयोडाइडचा स्फटिक आणला आणि पुढची अनेक वर्षे गॅमा मोजणीत त्यालाच मान मिळाला. त्याचे दोष दोन. हवेतले बाष्प शोषून तो पाझरतो, म्हणून त्याला बंद डबीत जपावे लागते. शिवाय तो वाढवावा लागतो, तोही हळूहळू, आणि मोठा करावा तसा महाग होतो. काच ओतता येते, घासता येते, तिचे तंतू ओढता येतात आणि पाण्याचे तिला भय नसते. एवढे गुण असताना काच चमकत का नाही, हा प्रश्न त्या काळात कोणाला तरी सुचणे साहजिक होते.

तो सुचला वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत, आणि तिथे त्याला आधीची बैठक होती. १९४६ मध्ये बिकिनी बेटांजवळच्या अणुस्फोटांनी अमेरिकी नौदलाची जहाजे किरणोत्सर्गी झाली होती. प्रत्येक खलाशाला किती मारा बसला हे सांगणारे स्वस्त, मजबूत साधन नौदलाला हवे होते. जेम्स शुलमन, रॉबर्ट गिंथर आणि त्यांचे सहकारी चांदी मिसळलेल्या फॉस्फेट काचेवर काम करत होते. या काचेवर गॅमा किरण पडले, की तिच्यातल्या चांदीच्या आयनांची अवस्था बदलते आणि नंतर अतिनील प्रकाशात धरल्यास ती नारिंगी उजळते. जितका मारा जास्त, तितका नारिंगी उजेड जास्त. या गुणधर्मावर त्यांनी १९५१ मध्ये मात्रामापनाची पद्धत प्रसिद्ध केली आणि तिच्यातून डीटी-६० हे गळ्यात अडकवायचे पदक तयार झाले. ते सावकाश साठवते आणि विचारले की सांगते. सिंटिलेटरला मात्र त्याच क्षणी बोलावे लागते. त्यासाठी चांदीच्या जागी दुसरे मूलद्रव्य हवे होते.

ते होते सिरियम. गिंथर आणि शुलमन यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिरियमयुक्त काचांच्या चमकेवरचे निबंध प्रसिद्ध केले आणि काचेचा सिंटिलेटर खऱ्या अर्थाने तेव्हा जन्मला. तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या सिरियमच्या आयनात एकच इलेक्ट्रॉन आतल्या कवचात उरतो. ऊर्जा मिळताच तो वरच्या कवचात चढतो आणि एका सेकंदाच्या कोट्यंशाहूनही कमी वेळात खाली उतरतो. उतरताना निळा-जांभळा प्रकाश सोडतो. तरंगलांबी ३९५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे फोटोमल्टिप्लायर नळी जिथे सर्वांत तरबेज असते नेमकी तिथेच. सिरियमचा आणखी एक फायदा असा, की काचेतली विस्कळीत शेजारव्यवस्था त्याला फारशी अडवत नाही. स्फटिकात अणूंची रांग शिस्तीत असते, म्हणून ऊर्जा दूरवर वाहून चमकणाऱ्या केंद्रापर्यंत पोहोचते. काचेत ती रांग नसते, जागोजागी खड्डे असतात आणि इलेक्ट्रॉन त्यांत अडकून बसतात. काच मंद का, याचे मोठे कारण हेच. उपाय म्हणून सिरियम भरपूर घालायचे, म्हणजे कुठेही ऊर्जा आली तरी जवळ एखादा आयन सापडेल.

खरी अडचण भट्टीत होती. काच उघड्या हवेत वितळवली, की सिरियम आणखी एक इलेक्ट्रॉन गमावून चार भारांचा आयन बनतो. त्याला चमकायला इलेक्ट्रॉनच उरत नाही. वर तो जवळच्या अतिनील आणि जांभळ्या प्रकाशाला गिळतो, त्यामुळे काच पिवळसर दिसते आणि शिल्लक राहिलेल्या चांगल्या आयनांची चमकही बाहेर येऊ देत नाही. थोडीशी चूकही दोन्ही बाजूंनी मारते. म्हणून ही काच क्षपणकारी वातावरणात, ऑक्सिजन शक्य तेवढा दूर ठेवून वितळवावी लागते. शिवाय कच्च्या मालात लोहाचा अंशही चालत नाही, कारण लोहही तोच प्रकाश शोषते. या काचेच्या इतिहासातली निम्मी प्रगती नव्या सिद्धांताने झालेली नाही, ती भट्टीतली हवा, तापमान आणि मालाची शुद्धता सांभाळणाऱ्यांनी केली आहे. भौतिकशास्त्राची पुस्तके त्यांना एका ओळीत आटोपतात, हे अन्यायाचे वाटते.

त्याच सुमारास अणुविज्ञानाला न्यूट्रॉन मोजण्याची निकड होती. न्यूट्रॉनावर विद्युतभार नसतो. तो पदार्थातून शांतपणे जातो, इलेक्ट्रॉनांना हलवत नाही, म्हणून थेट चमक होत नाही. त्याला आधी एखाद्या अणुकेंद्रात अडकवावे लागते आणि त्या केंद्राच्या फुटण्यातून जे भारित कण सुटतात त्यांच्याकडून चमक घ्यावी लागते. मंदगती न्यूट्रॉन गिळून भारित कण सोडणारी सोयीची अणुकेंद्रे तीनच: हेलियम-३, बोरॉन-१० आणि लिथियम-६. हेलियम वायू असल्याने काचेत घालता येत नाही. बोरॉन तर काचेचा जुना सोबती, म्हणून शिकागोजवळच्या अर्गॉन प्रयोगशाळेतले बोलिंजर आणि थॉमस यांनी गिंथर यांच्यासह १९५९ मध्ये आधी बोरॉनच्या काचा तपासल्या. बोरॉन-१० न्यूट्रॉन पकडण्यात लिथियमहून चौपट भूक असलेला, पण फुटल्यावर त्याचे तुकडे सुमारे २.३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच देतात आणि जड, सावकाश कण काचेत आपली ऊर्जा प्रकाशाऐवजी उष्णतेत घालवतात. चमक इतकी फिकट, की ती नळीच्या स्वतःच्या गोंधळातून वेगळी काढणे जिकिरीचे होई.

लिथियम-६ न्यूट्रॉन घेऊन फुटला, की एक अल्फा कण आणि एक ट्रिटॉन, म्हणजे ट्रिटियमचे अणुकेंद्र, बाहेर पडतो. दोघांना मिळून ४.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे बोरॉनच्या दुपटीहून जास्त. हलका ट्रिटॉन त्यातला २.७३ चा वाटा घेतो आणि हलक्या कणापासून काचेला जास्त उजेड मिळतो. अल्फा कण काचेत काही मायक्रोमीटर, तर ट्रिटॉन चाळीसेक मायक्रोमीटर जातो. हे अंतर केसाच्या जाडीहून कमी, म्हणून सारी ऊर्जा जागच्या जागी जमा होते. गिंथर यांनी १९६० मध्ये आणि पुढच्या वर्षी फर्क व स्लॉटर यांच्यासह सुधारित लिथियम काच प्रसिद्ध केली. सोव्हिएत संघात व्होइतोवेत्स्की आणि सहकाऱ्यांचे या विषयावरचे काम १९५९ मध्येच ‘आतोमनाया एनेर्गिया’ या नियतकालिकात आले होते. शीतयुद्धाच्या दोन्ही बाजूंना एकाच सुमारास एकच गोष्ट सुचावी, याला कारण होते. निसर्गातल्या लिथियमात लिथियम-६ फक्त साडेसात टक्के असते. ते वेगळे करण्याचे प्रचंड कारखाने हायड्रोजन बॉम्बसाठी उभे राहिले होते. अमेरिकेतला असा कारखाना ओक रिजला होता आणि १९६३ पर्यंत तो चालला. संहारासाठी वेगळ्या काढलेल्या लिथियमातला चिमूटभर वाटा काचेकडे वळला. उरलेला जवळजवळ निव्वळ लिथियम-७ सुद्धा वाया गेला नाही. त्याचीही तशीच काच करता येते. ती न्यूट्रॉनांना दाद देत नाही, पण गॅमा किरणांना तेवढीच देते. दोन्ही काचा शेजारी ठेवून एकीतून दुसरी वजा केली, की न्यूट्रॉन तेवढे उरतात.

गॅमा किरण ही या काचेची नित्याची डोकेदुखी. न्यूट्रॉनाच्या ४.७८ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टांतून मिळणारा उजेड सुमारे १.६ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टांच्या इलेक्ट्रॉनाएवढाच भरतो, आणि तेवढ्या ऊर्जेचे गॅमा किरण अणुभट्टीजवळ सर्रास असतात. सुटका काचेला पातळ करण्यात आहे. लिथियम-६ चे प्रमाण वाढवलेल्या, म्हणजे समृद्ध, लिथियमाच्या काचेचा एक मिलिमीटरचा थर मंदगती न्यूट्रॉनांपैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त अडवतो. मात्र त्याच थरात गॅमा किरणाने हलवलेला इलेक्ट्रॉन बहुधा ऊर्जा पुरती खर्च करण्यापूर्वीच बाहेर निसटतो आणि त्याचा ठोका लहान पडतो.

आणखी एक गोंधळ काचेच्या पोटातूनच यायचा. सिरियम मोनाझाइट वाळूतून काढतात आणि मोनाझाइटमध्ये थोरियमही असते. त्रावणकोरच्या किनाऱ्यावर ही वाळू १९०९ मध्ये शॉम्बर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला सापडली. स्वतंत्र भारताने तिच्यातली दुर्मिळ मृदा केरळात वेगळी करायला सुरुवात केली आणि थोरियमसाठी मुंबईजवळ तुर्भ्याला १९५५ मध्ये कारखाना काढला. थोरियमचा लवलेशही काचेत राहिला, तर काच न्यूट्रॉन नसतानाही स्वतःहून चमकत राहते. नेहमीच्या काचेत असणारे पोटॅशियमही किरणोत्सर्गी. न्यूट्रॉनांचे क्षीण झोत मोजणाऱ्यांना म्हणूनच थोरियममुक्त सिरियम आणि पोटॅशियमविरहित काच हवी असे, आणि ब्रिटनमधल्या एडिंबरोच्या न्यूक्लियर एंटरप्रायझेससारख्या उत्पादकांनी कमी पार्श्वभूमीच्या काचा वेगळ्या क्रमांकांनी विकल्या.

१९७० च्या दशकात स्पोवर्ट यांनी या न्यूट्रॉन काचांचा पद्धतशीर तौलनिक अभ्यास दोन भागांत प्रसिद्ध केला. त्या सुमारास एक काच जवळजवळ प्रमाण ठरली: जीएस२०. तिच्यात सिलिका अर्ध्याहून थोडी अधिक, लिथियमचा ऑक्साइड १८ टक्के, ॲल्युमिनाही जवळपास तितकाच आणि थोडे मॅग्नेशिया व सिरियम. लिथियमपैकी ९५ टक्के लिथियम-६. घनता पाण्याच्या अडीच पट. प्रत्येक न्यूट्रॉनामागे सहा हजारांच्या आसपास प्रकाशकण. ही काच पूर्वी हार्लो या इंग्लिश गावात होत असे आणि आता सिंटाकोर या नावाच्या कंपनीकडून मिळते. क्रमांक तोच आहे. प्रयोगशाळेतल्या माणसाच्या तोंडी ‘लिथियम काच’ म्हणजे बहुधा जीएस२०.

तिचा सर्वांत मोठा गुण वेग. हेलियम-३ भरलेल्या नळीला उत्तर द्यायला मायक्रोसेकंद लागतात, काच शंभर नॅनोसेकंदांच्या आत मोकळी होते. त्यामुळे न्यूट्रॉनाची ऊर्जा त्याच्या प्रवासकाळावरून काढणाऱ्या प्रयोगांना तिचा आधार मिळाला. ओक रिजला १९६९ पासून चाललेल्या इलेक्ट्रॉन त्वरकावर आणि बेल्जियममधल्या खेल इथल्या त्वरकावर अणुभट्ट्यांना लागणाऱ्या अणुकेंद्रांच्या शोषणक्षमतेचे जे आकडे मोजले गेले, त्यांत लिथियम काचेचा मोठा वाटा आहे. तेलविहिरीच्या गरम बोअरमध्ये खडकातले पाणी-तेल शोधणाऱ्या उपकरणांत ती उतरली, कारण तिथे वाफ आणि उष्णता स्फटिकांना छळतात. आणि १९५० च्या दशकात वैद्यकासाठी हॅल अँगर यांनी केलेला कॅमेरा, ज्यात एका चकतीमागे अनेक फोटोमल्टिप्लायर बसवून चमक नेमकी कुठे झाली हे काढतात, तो १९८० च्या सुमारास अर्गॉनच्या संशोधकांनी लिथियम काचेला जोडला. ओक रिजच्या स्पॅलेशन न्यूट्रॉन सोर्समध्ये, जिथे २००६ मध्ये पहिला न्यूट्रॉनझोत निघाला, स्फटिकांतल्या अणूंची मांडणी शोधणारी काही उपकरणे आजही याच कॅमेऱ्यांवर चालतात.

न्यूट्रॉनाबाहेरचा इतिहास इतका सरळ नाही. उच्च ऊर्जेच्या भौतिकशास्त्रात इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांचा वर्षाव थोड्या जागेत संपवण्यासाठी जड काच हवी असते. शिशाची काच पुष्कळ वापरली गेली, पण ती चमकत नाही. तिच्यातून फक्त चेरेन्कोव्ह प्रकाश, म्हणजे अतिवेगवान कणांमुळे उमटणारा क्षीण प्रकाश, येतो. १९८० च्या दशकात जपानच्या ओहारा कंपनीने बेरियम आणि सिरियमची एससीजी१-सी नावाची काच केली. ती फर्मिलॅबमधल्या ई७०५ प्रयोगाच्या ऊर्जामापकात शिशाच्या काचेसोबत बसवली गेली. चमक आणि चेरेन्कोव्ह प्रकाश दोन्ही देत असल्याने तिचा ठोका शिशाच्या काचेपेक्षा चांगला होता. पण जड काच खूप पारदर्शक राहात नाही आणि तीव्र किरणोत्सर्गात काळवंडते. १९९० च्या दशकात सर्नच्या हॅड्रॉन कोलायडरसाठी क्रिस्टल क्लिअर गटाने सिरियमयुक्त जड धातूंच्या फ्लोराइड काचा बारकाईने तपासल्या. अशा काचांच्या कुळाची सुरुवात फ्रान्समधल्या रेनला १९७४ मध्ये झाली होती. या कोलायडरवरच्या सीएमएस प्रयोगाने अखेर शिसे टंग्स्टेटचे स्फटिक निवडले, एकूण ७५,८४८. काच स्वस्त असूनही हरली, कारण मापकाला दहा वर्षे माऱ्यात उभे राहायचे होते आणि काच त्याची खात्री देऊ शकली नाही.

दुसरी आशा तंतूंची. वॉशिंग्टन राज्यातल्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट प्रयोगशाळेत मेरी ब्लिस आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लिथियम सिलिकेट काचेचे, केसाच्या जाडीचे चमकणारे तंतू ओढले. त्यांचे पट्टे करून मोठे, वाकणारे फलक बनवता येतात. २००१ नंतर अमेरिकी बंदरांवर आणि सीमांवर चोरटे प्लुटोनियम शोधण्यासाठी हेलियम-३ च्या नळ्या मोठ्या संख्येने लागल्या. हेलियम-३ मिळते ते शस्त्रांसाठी साठवलेल्या ट्रिटियमच्या ऱ्हासातून. शस्त्रे कमी झाली तसा पुरवठा आटला. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला दोन लाख लिटरांच्या वर असलेला अमेरिकेचा साठा दशकअखेर पन्नास हजारांच्या आसपास आला आणि भाव कित्येक पटींनी चढला. पर्यायांच्या यादीत काचेचे तंतू आले, तपासले गेले, पण सीमेवर येणाऱ्या ट्रकांत गॅमा किरण देणाऱ्या वस्तू नेहमीच असतात आणि त्यांना पूर्ण दुर्लक्षिण्याची अट बोरॉनच्या नळ्यांना पाळायला सोपी गेली.

छोट्या, नेमक्या कामात मात्र काचेला तोड नाही. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत न्यूट्रॉनाच्या विद्युत द्विध्रुव आघूर्णाचा शोध घेणाऱ्या प्रयोगाला अतिथंड न्यूट्रॉन मोजायचे होते. न्यूट्रॉन काचेच्या अगदी पृष्ठभागाजवळ शोषला गेला, की अल्फा किंवा ट्रिटॉन बाहेर निसटून काही प्रकाश वाया जातो. म्हणून फ्रान्समधल्या काँ इथल्या गटाने समृद्ध काचेवर लिथियम-७ ची पातळ काच चिकटवली. न्यूट्रॉन तिच्यातून सहज जातो, आतल्या थरात फुटतो आणि दोन्ही कण दोन थरांत मिळून पूर्ण थांबतात. या मांडणीने गोळा केलेल्या माहितीवरून २०२० मध्ये जी मर्यादा प्रसिद्ध झाली, तिने आघूर्ण असलेच तर ते १.८ × १०⁻²⁶ ई-सेंटिमीटरहून (ई म्हणजे इलेक्ट्रॉनाचा विद्युतभार) लहान असले पाहिजे, असे सांगितले.

जड काचेचा प्रयत्नही थांबलेला नाही. वॉशिंग्टनच्या कॅथॉलिक विद्यापीठात तान्या हॉर्न यांच्या गटाने, अणुकचरा काचेत बंदिस्त करण्यात मुरलेल्या विद्यापीठातल्याच प्रयोगशाळेसोबत, ‘सायग्लास’ ही बेरियम सिलिकेट काच विकसित केली आणि ४० सेंटिमीटर लांबीचे ठोकळे ओतले. ब्रुकहेवनला होऊ घातलेल्या इलेक्ट्रॉन-आयन कोलायडरच्या मधल्या ऊर्जामापकासाठी तिचा विचार झाला, पण शेवटी दुसरी रचना निवडली गेली. बीजिंगच्या उच्च ऊर्जा भौतिकी संस्थेभोवती २०२१ मध्ये जमलेल्या काच-सिंटिलेटर गटाने गॅडोलिनियम, ॲल्युमिनियम, बोरॉन आणि सिरियम यांची काच तयार केली. तिची घनता पाण्याच्या सहा पट असून प्रति मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट हजाराच्या आसपास प्रकाशकण मिळतात. चीनच्या प्रस्तावित वर्तुळाकार कोलायडरच्या हॅड्रॉन मापकासाठी तिच्या चार सेंटिमीटर बाजूच्या, एक सेंटिमीटर जाडीच्या फरश्या ओतल्या जात आहेत.